ओळीत उगवलेलं गाजरगवत

‘सहमत. कार्यवाही करतो.’ हे शब्द मी चौतीस वर्षांच्या नोकरीत हजारो कागदांवर लिहिले आहेत, आणि त्यांतल्या एकाही कागदावर कोणी माझ्याकडून कार्यवाहीची अपेक्षा केलेली नाही. सिंचन उपविभागात वरिष्ठ लिपिक असलेल्या माणसाच्या हाताला काही सवयी लागतात. समोर मजकूर आला की हात आपोआप चालतो. ऑगस्टात आमच्या नगराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी टाकलं की, बागेत गाजरगवत माजलं आहे, लेकरांच्या अंगाला खाज सुटते, काहीतरी केलं पाहिजे. मी चहा पिता पिता त्याखाली तेच लिहिलं, फोन उलटा ठेवला आणि अंघोळीला गेलो.

अंघोळ करून आलो तर एकतीस लोकांनी हात जोडले होते, काहींनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि आमचे शेजारी उकंडराव यांनी ‘बागेची जबाबदारी घेतल्याबद्दल उमाळेबाबूंचे जाहीर अभिनंदन’ असं टाकून वर फुलांचा गुच्छ चिकटवला होता.

बायकोनं, म्हणजे स्नेहलतानं, फोन वाचून माझ्याकडे पाहिलं. “अहो, तुम्हाले मेथी आणाले पाठवलं तं तुम्ही घोळीची भाजी घेऊन येता. तुम्ही बाग साफ करान?”

“मी फक्त सहमती दर्शवली आहे,” मी म्हणालो.

“मंग तसं लिहा तिथी.”

ते लिहायला हवं होतं. पण एकतीस लोकांनी जोडलेले हात परत सोडायला लावणं मला जमलं नाही. सुधाकर उमाळे या नावाला नगरात थोडीशी किंमत आहे असं मी समजत होतो, आणि ती किती थोडीशी आहे हे तपासून पाहायची माझी इच्छा नव्हती.

बाग नगरपालिकेची. दहा-बारा वर्षांपूर्वी झाली तेव्हा फीत कापली गेली, कारंजं एकदा उडालं, आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले. आता घसरगुंडीला पायऱ्या उरल्या आहेत, घसरण नाही. पायऱ्या चढून वर गेलेलं पोर त्याच पायऱ्यांनी तोंड पाडून खाली येतं. श्रावणात तर गाजरगवत कमरेपर्यंत येतं, त्याच्यामागे घाणेरीच्या जाळ्या, आणि नालीच्या बाजूला बेशरम. या झाडाला आमच्याकडे बेशरमच म्हणतात, कारण तोडून फेकलं की जिथे पडतं तिथे पुन्हा उगवतं.

सार्वजनिक जागेतलं गवत उपटायला परवानगी लागते का, हा प्रश्न नगरात एकालाही पडला नाही. तो मला पडला. मी डिसेंबरअखेर निवृत्त होणार होतो, आणि निवृत्तीला चार महिने राहिलेला सरकारी माणूस शिंकतानासुद्धा आजूबाजूला पाहतो. त्यात उकंडराव पडले निवृत्त हेड कॉन्स्टेबल. ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण त्यांची कलमं अजून सेवेत आहेत.

“बिना परवानगीचं पान बी तोडू नका, बाबू,” ते कुंपणावरून म्हणाले. “सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान होते ते. जामीन भेटते तसा. पण एक दिवस जाते.”

“कुठे जाते?”

“आतमंदी.”

मी दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून नगरपालिकेत गेलो.

उद्यान विभाग म्हणजे जिन्याखालचं एक टेबल होतं आणि त्या टेबलामागे प्रेमानंद नावाचे पस्तिशीतले लिपिक होते. अतिशय नम्र. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, अर्ज दोनदा वाचला आणि एका शब्दावर पेन टेकवलं.

“सर, तुम्ही ‘गाजरगवत इत्यादी’ लिहिलं. इत्यादी म्हंजे काय काय?”

याच शब्दावरून मी आजवर किती शेतकऱ्यांचे अर्ज परत केले असतील! ‘विहीर इत्यादी’, ‘पाईप इत्यादी’. आणि परत करताना मीसुद्धा इतक्याच प्रेमानं पाणी पाजत आलो होतो.

“घाणेरी आहे, बेशरम आहे,” मी म्हणालो.

“आता पाहा, गवत असलं तं स्वच्छता विभाग. झुडूप असलं तं माह्याकडे. अन् झाड असलं तं वृक्ष समिती. तिची बैठक झाली नाही अजून.”

“घाणेरी कशात येते?”

प्रेमानंदांनी खरोखर विचार केला. “ते तिच्यावर आहे सर. कवा झुडूप राह्यते, कवा झाड होऊन जाते. मोजा लागन.”

मी तीन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीला अर्जावर त्रुटी निघाली की, बागेची चतुःसीमा जोडलेली नाही. तिसऱ्या फेरीला कागद मिळाला. त्यात लिहिलं होतं, ‘गाजरगवत ही एकमेव वनस्पती उपटण्यास हरकत नाही. अन्य कोणत्याही वनस्पतीस इजा पोहोचल्यास सर्वस्वी जबाबदारी अर्जदाराची राहील.’ यातलं दुसरं वाक्य मी स्वतः शेकडो वेळा टाईप केलेलं आहे. ते अर्जदाराच्या बाजूनं वाचताना इतकं भयंकर दिसतं, याची मला कल्पना नव्हती.

रविवार ठरला. हात जोडणारे एकतीस होते, आले सात. त्यात मी, ‘तुम्हाले चक्कर आली तं उचलाले कोणी पाह्यजे’ म्हणून आलेली स्नेहलता, आणि शिट्टी घेऊन आलेले उकंडराव. त्यांनी गवताला हात लावला नाही. बंदोबस्त पाहिला.

गाजरगवताची मला धास्ती होती. त्यानं दमा होतो, अंगावर चट्टे उठतात, असं कृषी खात्याच्या पत्रकात लिहिलेलं होतं. म्हणून मी पूर्ण बाह्यांचा सदरा, हातात मोजे, कानावरून मफलर, आणि नाकाला दुपदरी रुमाल बांधून त्यात बाम चोपडलेला, अशा वेशात होतो. ऑगस्टातल्या उकाड्यात घामानं माझा चष्मा आतून पावसाळी झाला होता. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, नाकाला बामाशिवाय वास नव्हता. या दोन गोष्टी मी माझ्या बचावात आजही मांडतो, पण कोणी ऐकून घेत नाही.

पत्रकात स्पष्ट होतं की, पानं गाजराच्या पानांसारखी कातरलेली असतात आणि झाड फुलावर यायच्या आत उपटावं. दोन तासांत आम्ही घसरगुंडीपर्यंत मजल मारली. नंतर घाणेरीच्या जाळीमागे, भिंतीच्या कोपऱ्यात, मला एक मोठा पट्टा सापडला. वीत-दीड वीत उंचीची कोवळी रोपं होती. पानं कातरलेली, फूल एकालाही नाही. पत्रकातल्या चित्रासारखी हुबेहूब. आणि एका ओळीत.

“पाहा उकंडराव,” मी म्हणालो, “आपल्या नगरातलं गाजरगवतसुद्धा ओळीत उगवतं.”

“शिस्त हाये,” उकंडराव म्हणाले आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

तो पट्टा मी एकट्यानं साफ केला. कोणाला हात लावू दिला नाही. माती भुसभुशीत होती, रोपं अलगद मुळासकट निघत होती, आणि मला आयुष्यात प्रथमच वाटलं की आपल्याला शेतीची उपजत जाण आहे. शेवटी दोन्ही हातांत रोपांच्या जुड्या धरून, रुमाल हनुवटीखाली ओढून मी हसत उभा राहिलो आणि उकंडरावांनी फोटो काढला.

त्यानंतर कचऱ्याचा प्रश्न आला. सगळा ढीग बागेच्या फाटकाशी, म्हणजे माझ्या घरासमोर रचला होता. सोमवारी सकाळी घंटागाडी आली. गाडीवाल्यानं विचारलं, “ओला की सुका?” मी म्हणालो, काल ओला होता, आज अर्धा सुकला आहे. तो म्हणाला, “एक काहीतरी सांगा.” मी ‘ओला’ म्हणालो तर त्यानं एक काडी मोडून दाखवली. ती कटकन् मोडली. गाडी पुढे गेली. मंगळवारी मी ‘सुका’ म्हणालो, तर रात्रभराच्या पावसानं मला खोटं पाडलं.

त्याच मंगळवारी दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे माझं तोंड सुजलं. एवढा बंदोबस्त करूनही मनगटाच्या वर आणि डोळ्यांभोवती लाल चट्टे उठले, आणि डॉक्टरांनी दिलेलं गुलाबी औषध चेहऱ्याला फासून मला कचेरीत जावं लागलं. दुसरी गोष्ट म्हणजे उकंडरावांनी तो फोटो कोण्या वार्ताहराला धाडला होता आणि तो पेपरात छापून आला. ‘गाजरगवत निर्मूलनासाठी नागरिक सरसावले.’ खाली मी, दोन्ही हातांत जुड्या, चेहऱ्यावर कृतार्थता.

कचेरीत साहेबांनी बोलावून कौतुक केलं. शिपायानं अंक भिंतीवर लावला. गुलाबी चेहऱ्यानं मी दिवसभर नम्रपणे मान हलवत होतो. चारच्या सुमारास संग्रामपूरकडचे एक म्हातारे शेतकरी पाटचारीच्या कामाला आले. त्यांनी भिंतीवरचा फोटो पाहिला. जवळ गेले. चष्मा काढून पाहिला, चष्मा लावून पाहिला.

“बाबू, हे तुमी काय?”

“हो.” मी मान खाली घातली.

“हातात झेंडू काऊन धरला?”

“गाजरगवत आहे ते,” मी म्हणालो.

म्हातारे हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. “मी चाळीस वर्सं वावरात काढली बाप्पा,” ते हळू आवाजात म्हणाले. “झेंडू हाये हा. दसऱ्याचा. चांगली ठसठशीत रोपं व्हती.”

त्यानंतरचा तास मी टेबलाशी कसा बसलो ते मला माहीत. आमचा जिल्हा शेतकऱ्यांचा. तो पेपर त्या दिवशी जिल्ह्यात जितक्या लोकांनी पाहिला असेल, त्यांतल्या प्रत्येकाला हातात काय आहे ते कळलं असणार, आणि न कळणारा एकमेव माणूस फोटोत होता.

सुटल्यावर मी तडक बागेत गेलो. घाणेरीमागच्या कोपऱ्यात रिकामे खड्डे होते, सरळ ओळीत. भिंतीला भगदाड होतं. त्याच्याजवळ एक तेलाचा डबा, तोंड कापलेला, त्याला दोरीची कडी. आळी केलेली होती. खताचा वास येत होता. आज नाकाला रुमाल नव्हता. इतकी निगा गाजरगवताची कोण राखतं, हा प्रश्न मला रविवारी पडायला हवा होता.

माझा पहिला विचार पुढीलप्रमाणे होता, आणि मला तो सांगायची लाज वाटते. मी रोपांचा विचार केला नाही. मी विचार केला ‘अन्य कोणत्याही वनस्पतीस इजा पोहोचल्यास’.

“नगरपालिकेची रोपं असतीन,” मागून आलेले उकंडराव म्हणाले. त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. “बाबू, पह्यले तो ढीग हालवा. मुद्देमाल हाये तो.”

मुद्देमाल माझ्या दारात होता आणि घंटागाडी तो उचलत नव्हती. बुधवारी नगरपालिकेचा शिपाई पाकीट घेऊन आला. प्रेमानंदांच्या सहीचं पत्र होतं. ‘वृत्तपत्रातील छायाचित्रात परवानगीव्यतिरिक्त वनस्पती दिसून येत असून, याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. अन्यथा आपल्या कार्यालयास कळविण्यात येईल.’ शेवटच्या वाक्यावर माझी नजर थिजली. चौतीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात शाईचा डागसुद्धा नाही. आता तिथे झेंडू उगवणार होता. मी जेवलो नाही. स्नेहलतानं विचारलं, तर मी म्हणालो, औषधामुळे तोंड उघडत नाही.

गुरुवारी सकाळी फाटकाशी कोणीतरी वाकलेलं दिसलं. साठीची बाई, नऊवारी खोचलेली, ढिगातून एकेक काडी बाजूला काढत होती. मी बाहेर गेलो. तिला मी ओळखत होतो. मारुतीच्या देवळाजवळ हारफुलं विकणाऱ्या वच्छलाबाई. त्यांच्याकडून आमच्या कचेरीतल्या प्रत्येक निरोपाचा हार येतो.

त्यांनी हातातलं सुकलेलं रोप माझ्यापुढे धरलं. रागानं नव्हे. एखादी वस्तू ओळखीची आहे का, असं विचारावं तसं.

“मले वाटलं डुकरायनं उकरलं,” त्या म्हणाल्या. “मंग पाह्यलं तं ओळीनं उपटेल हाये. डुक्कर असं नीट काम करत नाही. तवा समजलं, माणूस असन.”

मी चपलेनं ढिगाची कड सारखी करू लागलो.

“गेल्या दसऱ्याच्या हारातलं बी ठेवलं व्हतं म्या. दर साली फुलं खामगावाहून आणा लागतात, दुसऱ्याच्या भावानं. यंदा म्हटलं आपलीच करू. तिथी कोणी जात नाही, नळ गळत राह्यते. महिनाभर डब्यानं पाणी टाकलं.” त्यांनी रोप परत ढिगावर ठेवलं. “तुमाले काऊन नाही दिसलं, बाबू? तुमी तं शिकलेले आहा.”

“मावशी, मी... नगरपालिकेकडे तक्रार केली तुम्ही?”

“कशी करू? जागा काय माही हाये? तक्रार केली तं मलेच ईचारतीन.” त्या उठल्या. पदरानं हात पुसले. “जाऊ द्या. दुकान उघडा लागते.”

त्या भांडल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. नियम, परवानगी, पत्रक. एवढी सामग्री तयार ठेवली होती, ती तशीच राहिली. स्नेहलता दारात उभी होती. आत जाऊन तिनं मला चहा दिला, आणि तिनं चहात साखर टाकली नव्हती हे सांगायची मला हिंमत झाली नाही.

शुक्रवारी मी कोऱ्या कागदासह प्रेमानंदांसमोर बसलो.

“सर, घाबरू नका,” ते म्हणाले. त्यांनी पाणी दिलं. “मी रजिस्टर पाह्यलं. आमच्या बागेत झेंडू लावल्याची नोंदच नाही. म्हंजे कोणीतरी अतिक्रमण केलं होतं. तुम्ही असं लिहा, ‘अज्ञात व्यक्तीनं सार्वजनिक जागेत केलेलं अतिक्रमण सफाईदरम्यान आढळलं व ते हटवलं.’ झालं! खुलाशाचा अहवाल होते. दोन ऑक्टोबरले कार्यक्रम आहे आपला, मी साहेबांले सांगून प्रशस्तिपत्रात तुमचं नाव टाकतो.”

माझ्या छातीवरचा दगड उतरला. खरंच उतरला, खोटं कशाला सांगू? सेवापुस्तक स्वच्छ, वर प्रशस्तिपत्र. मी पेन उघडलं.

“मग पुढे काय होईल?” मी सहज विचारलं.

“पुढे काय, पाहणी. भिंतीचं भगदाड बुजवू. मांग राह्यते कोण ते पाहू, एक नोटीस देऊ. तुम्हाले माहीत असन कोण आहे तं नाव द्या, बरं पडन.”

मी पेन बंद केलं. म्हणालो, उद्या आणून देतो.

घरी आल्यावर मी सलग तीन खुलासे लिहून फाडले. चौतीस वर्षांच्या अनुभवावर असा मजकूर लिहिता येतो, ज्यात सर्व काही असतं आणि काहीच नसतं. मला तो लिहिता येतो. पण प्रत्येक मसुद्यात कुठून तरी ‘अज्ञात व्यक्ती’ शिरत होती, आणि ती अज्ञात व्यक्ती पदरानं हात पुसत माझ्याकडे पाहत होती. उकंडरावांना विचारलं, तर ते म्हणाले, “दोनच रस्ते हायेत, बाबू. एक तं आरोपी दुसरा दाखवा, नाही तं कबुली द्या.” एरवी त्यांचा सल्ला मी कधी मनावर घेत नाही.

शनिवारी मी खुलासा दिला. चार ओळींचा. प्रेमानंदांनी वाचला. मग पुन्हा वाचला. मग दार नसलेल्या त्या जागेत त्यांनी दार लावल्यासारखा आवाज खाली केला.

“‘सदर झेंडूची रोपे मीच लावली होती व मीच उपटली.’ सर, हे काय आहे?”

“खुलासा.”

“तुम्ही लावली?”

“हो.”

“कवा?”

“जुलैत.”

“कायले?”

“दसऱ्यासाठी.”

“अन् मंग उपटली काऊन?”

याचं उत्तर मी तयार केलं नव्हतं. घामानं गुलाबी औषध ओघळून कॉलरवर उतरू लागलं. “ओळखू आली नाहीत,” मी म्हणालो.

“स्वतः लावलेली रोपं?”

“हो.”

“पाणी कोण टाकत होतं?”

“मीच.”

“रोज?”

“रोज.”

“अन् तरी ओळखू आली नाहीत.”

“चष्म्यावर घाम होता.”

प्रेमानंदांनी खुलासा सरळ करून टेबलावर ठेवला. तेही लिपिक, मीही लिपिक. त्यांना सगळं कळलं होतं आणि मला ते कळल्याचं कळलं होतं, पण टेबलावर कागद होता, आणि कागदावर जे आहे त्यापलीकडे आम्ही दोघेही जात नाही. त्यांनी सावकाश टोपण काढलं आणि माझ्या खुलाशाच्या समासात, सुंदर गोल अक्षरात शेरा लिहिला. मी उलटा वाचला. उलटं वाचणं आमच्या खात्यात सगळ्यांना येतं. ‘अर्जदारास वनस्पतींचे कोणतेही ज्ञान नसल्याचे चौकशीअंती दिसून आले. लावणारा व उपटणारा एकच असल्याने कोणाचेही नुकसान झालेले नाही. अर्जदारास तोंडी समज देण्यात आली. प्रकरण नस्तीबद्ध करावे.’

“समज देऊ का आता?” त्यांनी विचारलं.

“द्या.”

“असं करत जाऊ नका सर,” ते म्हणाले, आणि उठून उभे राहिले. वयानं मी त्यांच्या वडिलांसारखा होतो. “अन् प्रत तुमच्या ऑफिसले जात नाही. जावक नंबरच टाकला नाही मी.”

मी नगरपालिकेतून बाहेर पडलो. प्रशस्तिपत्र गेलं, आणि ‘वनस्पतींचे कोणतेही ज्ञान नाही’ हे नगरपालिकेच्या दप्तरी कायमचं नोंदलं गेलं. हा शेरा पुसायचा तर अपील करावं लागेल, आणि अपिलात मी हरेन, याची मला खात्री आहे.

रविवारी मी एकटाच बसनं जळगाव जामोदला गेलो. रोपवाटिकेतून झेंडूच्या रोपांचे ट्रे घेतले आणि परतीच्या बसमध्ये मांडीवर, पायाशी, शेजारच्या बाईच्या संमतीनं तिच्याही पायाशी ठेवून दीड तास बसलो. रोपवाटिकेतल्या माणसाला मी दोनदा विचारलं होतं, हा झेंडूच ना? दुसऱ्यांदा त्यानं उत्तर दिलं नाही. बसमध्ये वाहकानं लगेज लावलं आणि विचारलं, “गाजरगवत कायले घेऊन चालले, बाबू?” मी दचकून मांडीवरचा ट्रे घट्ट धरला. तो हसला. पेपर त्यानंही वाचला होता.

वच्छलाबाईंना दुकानातून बोलावून आणलं. बाग नको, आमच्या घरामागची मोकळी जागा घ्या, असं स्नेहलतानं सांगितलं. त्या आधी तयार होईनात. मग ट्रे पाहून म्हणाल्या, “आता लावून दसरा नाही भेटत. दिवाळीले येतीन.” आणि पदर खोचून खाली बसल्या. मला हात लावू दिला नाही. मी फक्त पाणी आणलं, तेही त्यांनी सांगितलं तेवढंच.

दसऱ्याला त्यांना फुलं खामगावाहूनच आणावी लागली. मी समोरून जाताना त्या हार ओवत होत्या; मी सोनं द्यायला थांबलो, त्यांनी घेतलं आणि मलाही आपट्याची दोन पानं दिली. बागेत गाजरगवत पुन्हा गुडघ्याला आलं होतं. ग्रुपवर त्याचा फोटो पडला, आणि खाली तासभर कोणी काहीच लिहिलं नाही. मीही फोन उलटा ठेवला.

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या घरामागे इतका पिवळा-केशरी रंग झाला की उकंडराव रोज सकाळी कुंपणाशी येऊन उभे राहू लागले. वच्छलाबाई पहाटे टोपलं घेऊन येत, फुलं तोडत, आणि जाताना दोन माझ्या हातावर ठेवत.

मला मात्र तेव्हापासून एक चिंता लागली आहे. त्या जागेत रोज काही ना काही नवं उगवतं. सकाळी चहा घेऊन मी तिथे बसतो, ओळींच्या मधे एखादं कोवळं पान दिसतं, आणि माझा हात पुढे जाऊन थबकतो. गवत असेल. नसेल. मी त्याच्याशेजारी काडी रोवून ठेवतो आणि वच्छलाबाईंची वाट पाहतो. त्या येतात, वाकून पाहतात, म्हणतात, “उपटा,” मग मी उपटतो. म्हणतात, “राहू द्या,” की मी पाणी घालतो.

परवा त्या एका रोपाशी बराच वेळ वाकून राहिल्या. दोनच पानं होती, गोलसर, कडेला तांबूस. त्यांनी पान बोटानं उन्हाकडे वळवून पाहिलं, कड चुरगळून वास घेतला, आणि हात झटकले.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या.

“काय आहे हे, मावशी?”

“मले काय माहीत? मोठं झालं की तेच सांगन, आपण कोण हाये ते.”

मी काडी तिथेच राहू दिली आणि तांब्यातलं पाणी हळूच त्याच्या बुडाशी ओतलं.